लाल वायर न लावलेलं लग्न

अमळनेरच्या बस स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, "भाऊ, पेनड्राइव्हमधलं वाजत नाही, कुठे दाखवू?" तो हातातला चहाचा ग्लास खाली न ठेवता नुसत्या मानेने दिशा दाखवेल. पुढच्या गल्लीत चुडामणभाऊंचं दुकान आहे. आठ बाय दहाची खोली, एक टेबल, दोन कॉम्प्युटर, छताला कुरकुरणारा पंखा आणि फळीवर जुन्या सीडींच्या चळती. पाटी कधीकाळी होती. एका वावटळीत ती उडून गेली आणि चुडामणभाऊंनी दुसरी केली नाही. ज्याला गरज आहे तो शोधत येतो, असं त्यांचं म्हणणं, आणि खरंच येतात हो लोक!

येतात ते एकच वाक्य घेऊन: "वाजत नाही." आणि या वाक्याचा चुडामणभाऊंना असा काही राग आहे की विचारू नका.

"वाजत नाही म्हणजे काय? चित्र दिसतं पण आवाज नाही? आवाज आहे पण चित्र काळं? दोन्ही आहे पण ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं? का फाइलच उघडत नाही? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतं' म्हणता का? डोकं का पोट ते सांगता ना? मग इथंच काय झालं तोंडाला?"

समोरचा माणूस कावराबावरा होतो. मग चुडामणभाऊच स्टूल पुढे सरकवतात, पाणी देतात आणि पेनड्राइव्ह हातात घेऊन शर्टाला पुसतात. शर्टाला पुसल्याने पेनड्राइव्हला काहीही होत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

एकदा भडगावचे एक निवृत्त मास्तर आले. नातीच्या बारशाचा व्हिडिओ पाहुण्यांना दाखवायला पेनड्राइव्हवर घेतला, तर टीव्हीवर काहीच येईना. मास्तरांनी घरातला टीव्ही बदलायची तयारी केली होती. चुडामणभाऊंनी फाइल बघितली. दोन केबीची! तास-दीड तासाचा व्हिडिओ आणि दोन केबी! मास्तरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं नुसतं चित्र उचलून पेनड्राइव्हवर टाकलं होतं, ज्याला शॉर्टकट म्हणतात ते.

"मास्तर," चुडामणभाऊ म्हणाले, "तुम्ही घर नाही आणलंत. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणलीत. आता टीव्ही बिचारा त्या पत्त्यावर कसा जाणार?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असं कुणी समजावून सांगितलं नाही म्हणाले.

दुसऱ्या वेळी एका भजनी मंडळाची चार माणसं लॅपटॉप घेऊन आली. त्यांच्या महाराजांचं कीर्तन लावलं की महाराज अशा सुसाट वेगाने बोलायचे की निम्मं कळायचंच नाही. मंडळात भांडण पेटलं होतं. एक म्हणे रेकॉर्डिंग बिघडलं, दुसरा म्हणे लॅपटॉप बिघडला, तिसरा म्हणे महाराजच हल्ली घाईत असतात. चुडामणभाऊंनी एक बटण दाबलं आणि महाराज चालीवर आले. कुणाच्या तरी बोटाने वेग दीडपट झाला होता, एवढंच. कपड्यांच्या दुकानवाल्या ललितची तर गंमतच. तीन दिवस त्याच्या लॅपटॉपचा आवाज गेला होता आणि तीन दिवस शेजारची म्हातारी सांगत होती की आमच्या घरात कोणीतरी इंग्रजीत बोलतं. आवाज ब्लूटूथवरून शेजारच्या स्पीकरच्या डब्यात जात होता! चुडामणभाऊंनी लॅपटॉपमध्ये आवाज जायची जागा बदलली आणि म्हातारीच्या घरातलं भूत पळालं.

असं हे दुकान. चुडामणभाऊंना ही विद्या कुठल्या शाळेत मिळाली नाही. जवानीत ते झुलालभाऊंच्या व्हिडिओ स्टुडिओत मिक्सिंगला होते. त्या काळी तालुक्यातलं लग्न झुलालभाऊंच्या कॅमेऱ्याशिवाय लागत नसे. शूटिंगवाले दिवसभर उन्हात नाचायचे, आणि संध्याकाळी कॅसेटी चुडामणभाऊंच्या टेबलावर यायच्या. मग वरातीच्या मागे गाणं टाक, नवरीच्या डोळ्यांतून दोन हृदयं बाहेर काढ, नवरदेवाला गुलाबात बसव, हे सगळं त्यांचं काम. पुढे सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह, मग सगळ्यांच्या हातात मोबाइल. झुलालभाऊ म्हातारे होऊन लेकाकडे नाशिकला गेले. स्टुडिओ बंद झाला. चुडामणभाऊ मात्र राहिले, आणि जे लोक आधी व्हिडिओ काढायला यायचे, तेच आता काढलेला वाजवून घ्यायला येऊ लागले.

एक गोष्ट ते छाती फुगवून सांगतात. "इतकी वर्षं मिक्सिंग केलं, पण माझ्या हातून एक पीस खराब गेला नाही. एक! विचारा कोणालाही." ही गोष्ट नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकावी लागते. त्यांची बायको ज्योत्स्नावहिनी डबा घेऊन आल्या आणि हे वाक्य कानावर पडलं की डबा टेबलावर जरा जोरात आपटतात, पण बोलत काही नाहीत.

तर गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची गोष्ट. ऊन म्हणजे काय ऊन! डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी बारा-साडेबाराला दुकानात एक बाई शिरल्या. पंचेचाळिशीच्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा असा की आधी भांडण करायचं आणि मग पाणी मागायचं.

"चुडामण पाटील तुम्हीच का? झुलालभाऊंच्या स्टुडिओत मिक्सिंगला होते ते?"

"मीच. बसा ताई. काय वाजत नाही?"

"वाजतं. तेच तर दुखणं शे," बाई म्हणाल्या. "तुमची गाणी वाजतात. दिवसभर नुसती गाणी! माझी माय कुठे वाजतच नाही."

चुडामणभाऊंना पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक भेटलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बाईंना नीट बोलू दिलं.

बाईंचं नाव रूपा. माहेर चोपड्याच्या बाजूला, केळीवाल्यांचं घर. सासर भडगाव तालुक्यात. दोन हजार एक साली लग्न झालं आणि शूटिंग झुलालभाऊंचं. रूपाताईंची आई पुष्पाबाई गावात गाण्यासाठी नावाजलेली. हळदीला, आखाजीच्या झोक्यावर, गौराई बसली की पुष्पाबाईंचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. पण आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली. हातवारे करून सगळं सांगायच्या, हसायच्या, रागवायच्या, पण आवाज म्हणून गेला तो गेलाच. आणि नुकत्याच सरलेल्या थंडीत पुष्पाबाई गेल्या. आता या आखाजीला त्यांच्या नावाने पितरांची पहिली घागर भरायची होती. रूपाताई आणि त्यांच्या दोघी बहिणी माहेरी जमणार होत्या.

"फोटो पुष्कळ आहेत भाऊ," रूपाताई म्हणाल्या. "पण आवाज कोणाकडे नाही. वाचा होती तेव्हा घरात साधा बटणाचा फोन होता. परवा बहिणीशी बोलत होते, माय कशी हाक मारायची ते आठवायला गेले, तर नाही आठवलं. खरं सांगते, मला मायचा आवाज आठवत नाही आता. चेहरा येतो डोळ्यापुढे, तोंड हलतं, पण आतून काही येत नाही. आपल्या मायचा आवाज विसरायचा म्हणजे काय हो? मला झोप नाही लागत."

आणि त्यांनी पिशवीतून दोन सीडी काढल्या. एकीवर हळद, दुसरीवर लग्न. हळदीला पुष्पाबाई गायल्या होत्या, अख्ख्या मांडवाने ऐकलं होतं. पण सीडी लावली की त्यावर चुडामणभाऊंनी टाकलेली सिनेमाची गाणी. माय तोंड हलवते आणि आवाज भलत्याच बाईचा! भाऊ दीपकने तर सांगून टाकलं होतं, त्यात काही नाही, फेकून दे.

"तुमच्या गाण्यांनी माझी माय गिळली," रूपाताई म्हणाल्या.

चुडामणभाऊंना हे लागलं. "ताई, त्या काळी लोकांना गाणीच लागायची. गाणं नसलं की म्हणायचे, लग्न आहे का दहावा? मूळ आवाज ठेवला असता तर तुमच्याच वडिलांनी झुलालभाऊंना परत पाठवलं असतं."

"असतीलही. पण आता काही होतं का?"

इथे चुडामणभाऊंनी खरं काय ते सांगितलं. कुणाला खोटी आशा लावायची नाही, हा त्यांचा नेम होता. आवाज कमी झाला असेल तर वाढवता येतो, मागेपुढे झाला असेल तर जुळवता येतो. पण मिक्सिंगच्या वेळी मूळ आवाज खाली ओढून टाकला असेल, तर तो सीडीत उतरलेलाच नसतो. जे आत नाही ते कुठलाच प्लेअर बाहेर काढू शकत नाही. "मी स्वतः ओढलाय ताई. दोन दांड्या असायच्या मिक्सरला, डावी आणि उजवी. दोन्ही तळाला न्यायच्या आणि गाणं चढवायचं. इतकी वर्षं केलंय."

रूपाताईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या मात्र नाहीत. "दोन एस.टी. बदलून आलेय," म्हणाल्या. "निदान बघा तरी."

चुडामणभाऊंनी हळदीची सीडी उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहराच पडला. सीडीचा वरचा चंदेरी थर ठिकठिकाणी सुटला होता आणि त्यातून पलीकडचा पंखा दिसत होता. तरी त्यांनी मऊ कापडाने मधून कडेला अशी पुसली, ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. दुसऱ्या कॉम्प्युटरचा जुना ड्राइव्ह जरा दणकट होता, त्यात घातली. तिथेही तेच. अर्धा तास झगडून त्यांनी सीडी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही गेली ताई. हिचा जीव गेलाय."

म्हणजे गाणं गेलं. ज्यासाठी बाई आल्या होत्या ते हळदीचं गाणंच गेलं. आता दुसरी सीडी बघायची तरी कशाला, असं चुडामणभाऊंना मनातून वाटत होतं. पण बाई ज्या नजरेने बघत होत्या, ती बघून त्यांनी दुसरी सीडी घातली. ही वाचली! दुहेरी क्लिक केलं तर अर्थातच काही उघडेना, कारण त्या जुन्या सीडीतल्या फाइली आजच्या कॉम्प्युटरला ओळखीच्याच नसतात. चुडामणभाऊंनी फाइल आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि आपला तो नारिंगी टोपीच्या चित्राचा प्लेअर उघडून त्यात उचलून टाकली. तो प्लेअर खाण्याच्या बाबतीत बकरीसारखा आहे, पुढे टाकाल ते चावतो. पडद्यावर मांडव उभा राहिला. नवरदेव घोड्यावर, करवल्या ओळीने, आणि टेबलावरच्या स्पीकरच्या एकुलत्या एक डब्यातून सनई-ढोलकीचं सिनेमाचं गाणं फुल्ल आवाजात.

"ही बघा माय," रूपाताई म्हणाल्या. हिरव्या लुगड्यातली एक उंच बाई पंगतीच्या कडेने तरातरा चालली होती. तोंड चालू होतं, हात चालू होते. ऐकू येत होतं ते गाणं.

मग गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायला दोन सेकंद गेले असतील. आणि त्या दोन सेकंदांत डब्यातून भांडी वाजल्याचा आवाज आला.

चुडामणभाऊ ताठ झाले. "थांबा."

मागे घेतलं. पुन्हा गाणं, पुन्हा दोन सेकंद, पुन्हा भांडी. आणि भांड्यांच्या मागे कोणीतरी खळखळून हसलं.

"हे कुठून आलं?" चुडामणभाऊ स्वतःलाच म्हणाले. मूळ आवाज ओढून टाकला असेल, तर दोन गाण्यांच्या मधे शुकशुकाट पाहिजे. भांडी कुठून आली? त्यांनी ड्रॉवरमधून कानाचा हेडफोन काढला, खोचला, दोन्ही कानांना लावला. आणि मग त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

डाव्या कानात गाणं. उजव्या कानात लग्न! अख्खं लग्न! पोरांचा गलका, वाढप्यांची ओरड, ताटं, चुलीवरची लाकडं, बँडवाल्यांचं सुरावर येणं. गाण्याचा टिपूस नाही. डब्यातून दोन्ही बाजू एकत्र होऊन येत होत्या आणि डावीकडचं गाणं इतकं जोरात की उजवीकडचं लग्न त्याखाली चिरडून गेलं होतं.

हे असं कसं? आणि चुडामणभाऊंना सगळं आठवलं. दोन हजार एकचा लग्नाचा मोसम. दिवसाला दोन-दोन लग्नं आणि लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. गाण्याच्या डेकच्या दोन वायरी, एक पांढरी आणि एक लाल. पांढरी डाव्या बाजूची, लाल उजव्या बाजूची. त्यातली लाल पिन ढिली झाली होती. लावली की घूं घूं आवाज यायचा. ती धरून ठेवायला लागायची, आणि पकडून ठेवणार कोण? त्या मोसमात चुडामणभाऊंनी लाल वायर लावलीच नाही. टेबलाखाली लोंबकळू दिली. उजवी दांडीही ओढली नाही, कशाला ओढा? लोकांच्या घरी टीव्हीला आवाजाचं एकच भोक, त्यात लोक एकच पांढरी वायर खोचायचे. लाल वायर सगळ्या खानदेशात टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेली असायची. उजवी बाजू ऐकणार कोण? झुलालभाऊंनी एकदा विचारलंही होतं, "दोन्ही बाजू तपासतो ना रे?" आणि चुडामणभाऊंनी न कचरता सांगितलं होतं, "हो भाऊ."

त्यांनी हेडफोन काढला. रूपाताई विचारत होत्या, "काय झालं? काय ऐकू आलं?"

चुडामणभाऊ प्लेअरच्या आवाजाच्या यादीत गेले. तिथे स्टिरिओचं एक खातं असतं, त्यात कोणती बाजू ऐकायची ते निवडता येतं. त्यांनी उजवी निवडली आणि हेडफोनची पिन उपसली.

गाणं खटकन बंद झालं, आणि दुकानात पंगत बसली. हिरव्या लुगड्यातल्या बाईंनी पडद्यावर हात उगारला आणि डब्यातून खणखणीत आवाज आला:

"ए सुकदेव! त्या शेवटला रांगले वरण नही गयं! तठे उभा राहीसन काय देखी राहिना?"

रूपाताई स्टुलावरून उठल्याच. "सुकदेवमामा!" त्या ओरडल्या. "मामाले बोली राहिनी! माय! माय शे ही! भाऊ, अस्सा आवाज होता, अस्साच!" आणि मग हसू आणि रडू एकत्रच फुटलं. पदर एका डोळ्याला, हात पडद्याकडे. "कशी खेकसते बघा ना! भर लग्नात खेकसते मामावर!"

पुष्पाबाईंनी पुढे तीन वाढप्यांना, एका पाहुण्याला आणि स्वतःच्या नवऱ्याला झापलं. प्रत्येक झापण्याला रूपाताई टाळी वाजवत होत्या. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं दारात थांबली.

"देवमाणूस आहात तुम्ही," रूपाताई चुडामणभाऊंना म्हणाल्या. "जे कुणाला जमलं नाही ते केलंत. काय विद्या आहे हो तुमच्याकडे! मी गावोगाव सांगेन."

आता इथे गप्प बसायला काय हरकत होती? कोण विचारणार होतं? विद्या म्हटलं तर विद्या! ज्योत्स्नावहिनी डबा घेऊन नेमक्या त्याच वेळी दारात येऊन उभ्या होत्या, आणि नवऱ्याचं कौतुक कान देऊन ऐकत होत्या. चुडामणभाऊंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या हिरव्या लुगड्याकडे बघितलं, आणि त्यांना ते काही सोसवेना.

"ताई, कसला देवमाणूस अन् कसलं काय," ते म्हणाले. "कामचुकार माणूस आहे मी. त्या मोसमात माझी लाल वायर ढिली होती. मी ती लावलीच नाही. एक बाजू अर्धवट सोडून पीस दिले, आणि झुलालभाऊंना खोटं सांगितलं. नियमाने काम केलं असतं तर आज तुमची माय यात नसती. मी कंटाळा केला म्हणून ती राहिली."

ज्योत्स्नावहिनींनी डबा टेबलावर ठेवला, या वेळी अगदी अलगद, आणि म्हणाल्या, "एक पीस खराब गेला नाही ना?" आणि तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की चुडामणभाऊ कानापर्यंत लाल झाले.

"किती लग्नं अशी केली हो?" रूपाताईंनी विचारलं.

"अख्खा मोसम."

"मग त्या सगळ्यांना सांगा ना भाऊ! त्यांच्याही घरात कोणी ना कोणी गेलं असेल. लाल वायर लावा म्हणावं." रूपाताई डोळे पुसत होत्या. "बरं झालं कंटाळा केलात. देवाने तुम्हाला असाच कंटाळा देवो!"

असा आशीर्वाद जगात आजवर कुणाला मिळाला नसेल. चुडामणभाऊंनी हात जोडून तो घेतला.

व्हिडिओ पुढे चालला होता. अक्षता पडल्या, मंगलाष्टकांत भटजी दोनदा खोकले, आणि मग बिदाई आली. ही बिदाई रूपाताईंनी शंभर वेळा बघितली होती. माय त्यांना कवटाळते, तोंड कानाशी नेते, काहीतरी बोलते. वर रडवं गाणं. घरात सगळे म्हणायचे, बघा, माय कसा आशीर्वाद देते. काय बोलली ते मात्र रूपाताईंना त्या दिवशीही कळलं नव्हतं. बँड डोक्याशी होता आणि स्वतःचंच रडणं कानात भरलं होतं.

"ही मी?" डब्यातून हंबरडा आला तसं रूपाताई म्हणाल्या. "अगं बाई, अशी रडत होते मी? कापायला नेतात का मला?"

"थांबा, थांबा," चुडामणभाऊ म्हणाले. पडद्यावर पुष्पाबाईंनी लेकीला जवळ ओढलं होतं, आणि शूटिंगवाला अगदी अंगाला खेटून उभा होता. चुडामणभाऊंनी डब्याचा आवाज होता तेवढा वाढवला, प्लेअरचा शंभराच्या पुढे नेला. बँडने दम घेतला, आणि त्या फटीतून पुष्पाबाई बोलल्या. रडत नव्हत्या. घाईत होत्या.

"रूपा, पेटीमा लुगडास्ना खाले डबा शे. सांजोऱ्या शेतस. तू खाजो व माय. बठ्ठ्या वाटी टाकू नको."

बस्स. मग बँड सुरू झाला, गाडीचं दार लागलं आणि कोणीतरी नारळ फोडला.

रूपाताई पुन्हा स्टुलावर बसल्या. ज्योत्स्नावहिनी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाल्या, तेव्हा त्या हळूहळू बोलायला लागल्या.

"चौथ्या दिवशी पेटी उघडली. डबा सापडला. मला वाटलं, सासरच्यांसाठी दिल्या मायने. ती 'सगळ्या वाटू नको, तू खा' म्हणतेय, आणि मी घरभर वाटल्या. जावेला, नणंदेला, शेजारपाजाऱ्यांना. शेवटी डबा रिकामा झाला तेव्हा मला राग आला होता भाऊ. मनात म्हटलं, मायने सगळ्यांचा विचार केला, माझ्यासाठी म्हणून काही दिलं नाही. कधी बोलले नाही तिला. पण चोवीस वर्षं ते कुठेतरी टोचत होतं. आणि नंतर तर तिची वाचाच गेली, विचारणार कुणाला? एकही खाल्ली नव्हती हो मी. एकही!"

चुडामणभाऊंनी व्हिडिओ मागे घेतला. बँडने पुन्हा दम घेतला, आणि पुष्पाबाई पुन्हा त्याच घाईत लेकीच्या कानाशी वाकल्या.

"तू खाजो व माय."

"हा व माय, खासू," रूपाताई मोठ्याने म्हणाल्या.